माजोरड्या नायकांच्या मॅडम

नायक आवडायला लागला की मॅडम पुस्तक अर्ध्यातच परत करायच्या.

"साठाव्या पानाला हा तिच्यासाठी रडतोय," एकदा डब्याचं झाकण काढता काढता त्या वैतागून म्हणाल्या. "मग उरलेली अडीचशे पानं काय करणार? भाजी निवडणार?"

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका गोळ्यांच्या कंपनीत मी पॅकिंगला लागले, तेव्हा त्या क्वालिटीला होत्या. ठेंगणा बांधा, डोळ्यांवर जाड चष्मा, केसांवर जाळीची टोपी. पट्ट्यावरून गोळ्यांच्या स्ट्रिपा सरकत यायच्या आणि मॅडम त्यातली नेमकी रिकाम्या खळग्याची स्ट्रिप दोन बोटांनी उचलून लाल डब्यात टाकायच्या. बोलता बोलता, दुसरीकडे बघता बघता. मी दोन वर्षं तिथे उभी राहिले, मला ते कधी जमलं नाही. कामात त्या कुणालाच सोडायच्या नाहीत. पण जेवणाची सुट्टी झाली, हात धुतले, की पर्समधून कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेलं पुस्तक निघायचं आणि मॅडम दुसऱ्याच शतकात जायच्या.

वाचायच्या फक्त ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या. त्यातही नायक वाईट पाहिजे. सरदार असो, जहागीरदार असो, किल्लेदार असो. तो उर्मट हवा, हट्टी हवा, नायिकेशी पहिल्या भेटीत अपमानाने बोलणारा हवा. अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनजवळच्या वाचनालयातले काका त्यांच्यासाठी अशी पुस्तकं बाजूला काढून ठेवायचे. मी एकदा सोबत गेले होते. मॅडमनी पुस्तक हातात घेऊन विचारलं, "माणूस नक्की वाईट आहे ना? मागच्या वेळी तुम्ही फसवलंत."

"अत्यंत नीच आहे, मॅडम," काका गंभीरपणे म्हणाले. "बिनधास्त न्या."

वाचलेलं त्या आम्हाला सांगायच्या. रोज जेवायला अर्धा तास, त्यातली वीस मिनिटं गोष्ट. एका टेबलाभोवती आम्ही दहा-बाराजणी. त्यात उल्हासनगरहून येणारी एक उत्तर भारतीय बाई होती. तिला मराठी नीट कळायचं नाही, पण सरदाराचा राग तिला सगळ्यांत जास्त. मॅडम कॅन्टीनमध्ये शिरल्या की ती लांबूनच ओरडायची, "मॅडम, वो कमीना सुधरा क्या?"

"अभी नहीं."

"आज भी नहीं?"

"तीन पीढी का माज है. एक हफ्ते में उतरेगा क्या?"

मग ती बाई पोळीचा तुकडा असा काही मोडायची की सरदाराची मानच हातात आली असावी.

मॅडम वाट बघायच्या ती एकाच गोष्टीची. नायकाने माफी मागायची. लग्न, शेवटची मिठी, पुढे झालेली मुलंबाळं यांत त्यांना रस नव्हता. माफीचं पान आलं की ते दोनदा वाचायच्या, पुस्तक मिटायच्या आणि पुढचं राहिलं तरी परत करायच्या. "आता वाडा रंगवतील, पाळणा हलवतील. मला काय त्याचं?" त्या माफीचीही तपासणी व्हायची. 'तुझं मन दुखावलं असेल तर क्षमा कर' असं एखादा नायक म्हणाला की त्यांचा पारा चढायचा. "असेल तर म्हणजे काय? दुखावलंय की! डोळ्यांदेखत दुखावलंय. काय केलं ते नाव घेऊन सांग, आणि कारणं देऊ नकोस." त्यांच्या मते शंभरात पाच-सहा नायकांनाच नीट माफी मागता येत होती. बाकीचे लाल डब्यात.

ऐकून ऐकून मीही वाचायला लागले. बदलापूरजवळ चामटोली गावातल्या घरी आमच्याकडे पंचांग आणि शाळेची पुस्तकं सोडून कधी पुस्तक आलं नव्हतं. मी मात्र एक संपलं की दुसरं मागायला लागले. फरक इतकाच, की मॅडम माफीच्या पानासाठी वाचायच्या आणि मी त्याच्या आधीच्या पानांत अडकायचे. त्या माणसाचं ते न बोलणं, ते रागाने बघणं आणि आतून मात्र फक्त तिचाच असणं. मला ते फार आवडायचं.

त्याच वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगा बदलापूरचा, एका बिल्डरच्या ऑफिसात कामाला. उंच, दिसायला छान, बोलायला कमी. साखरपुडा झाला. तो फोनवर दोन वाक्यांवर तिसरं बोलायचा नाही. हॉटेलात वेटरला उशीर झाला तर असा काही बोलायचा की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायची. मला वाटायचं, आहे तापट, पण माझ्यासाठी बदलेल. मनाने चांगलाच असणार.

एकदा त्याने मला बदलापूर स्टेशनच्या बाहेर भेटायला बोलावलं. मी दीड तास उभी. फोन उचलेना. आला तेव्हा मी नुसतं "कुठे होतास?" एवढं विचारलं, तर त्याने माझं मनगट धरलं आणि दातांतून म्हणाला, "मला प्रश्न विचारायचे नाहीत." धरलं ते जोरात धरलं. पण मग आइस्क्रीम खायला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मी हे मॅडमना सांगितलं. तक्रार म्हणून नाही हो. कौतुकाने सांगितलं. अगदी तुमच्या पुस्तकातल्यासारखा आहे, म्हटलं.

त्या जेवत होत्या. त्यांनी डबा बाजूला केला आणि माझा हात ओढून टेबलावर ठेवला. मनगटावर चार बोटं उठली होती, जांभळट. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ती अगदी जवळून पाहिली.

"आतून तुझ्यावर प्रेम आहे त्याचं?"

"आहे."

"कुणी सांगितलं?"

मी हात मागे ओढायला बघितला.

"पुस्तकात त्याच्या मनात काय चाललंय ते लिहिणारी सांगते आपल्याला. म्हणून आपण त्याचं वागणं सोसतो. ह्याच्या मनातलं तुला कोण सांगतंय? तूच ना? मग ते तू लिहितेयस, बाळा. तो नाही."

मला राग आला. मी म्हटलं, "मग तुम्ही कशाला वाचता असल्या माणसांचं?"

"वाचते. घरात आणत नाही. माझा नवरा पहिल्या पानापासून चांगला आहे. त्याच्यावर कुणी कादंबरी लिहिणार नाही, म्हणून तर लग्न केलं." मग त्या म्हणाल्या, "मोडून टाक असं मी सांगणार नाही. तो माझा अधिकार नाही. एकच कर. त्याला एक माफी मागायला लाव. मोठी नको. मनगटाची पण नको. त्या दीड तासाची. बघ काय म्हणतो."

मी चार दिवस हिंमत गोळा केली आणि त्याला सांगितलं. शांतपणे, फोनवर. म्हटलं, त्या दिवशी मी दीड तास उभी होते, तू सॉरी म्हण.

तो आधी हसला. मग म्हणाला, "डोकं ठिकाणावर आहे ना?" मग म्हणाला, "आमच्याकडे बायकांची माफी मागायची पद्धत नाही." मी म्हटलं, "मला ऐकायचीच आहे." त्याने फोन ठेवला आणि बाबांना लावला. तुमच्या मुलीला कंपनीत कुणीतरी शिकवतंय, आत्ताच आवरा, असं काहीतरी. बाबांनी मला समोर उभं केलं. मी मनगट दाखवलं नाही, लाज वाटली. नुसतं म्हटलं, तो सॉरी म्हणेपर्यंत मी लग्न करणार नाही. एका शब्दावर तो अडला आणि त्याच एका शब्दावर मी अडले. पंधरा दिवसांत त्याच्या घरून निरोप आला, आम्हाला ही मुलगी नको.

पत्रिका छापून झाल्या होत्या. गावात चार दिवस दुसरा विषय नव्हता. आई रडत होती. बाबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. आईला म्हणायचे, "लोकांना काय सांगू? पोरीने सॉरीसाठी लगीन मोडला?"

मी कंपनीत हे सांगितलं तेव्हा मॅडमनी फक्त गावाचं नाव विचारलं. पुढच्या रविवारी सकाळी त्या आमच्या अंगणात उभ्या होत्या. बदलापूरहून शेअर रिक्षा करून, विचारत विचारत आल्या होत्या. इस्त्रीची साडी, हातात पर्स. बाबा ओटीवर बसले होते. मी दारात.

त्यांनी नमस्कार केला आणि स्वतःचं नाव सांगितलं. बाबांनी विचारलं, "आडनाव काय तुमचा?"

त्यांनी आडनाव सांगितलं. ते ऐकल्यावर बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटलं. अंबरनाथला कुठे राहता, हेही त्यांनी पुढे विचारलं नाही.

मॅडम उभ्याउभ्याच बोलल्या. "त्या मुलाला सॉरी म्हणायला लाव, असं तुमच्या मुलीला मी सांगितलं होतं. तिच्या मनातून आलेलं ते नव्हतं, मी सांगितलं. त्यावरून लग्न मोडलं आणि तुम्हाला गावात मान खाली घालावी लागली. ह्याचा त्रास तुम्हाला झाला, त्यासाठी मी माफी मागायला आले. सांगितलं ते बरोबरच होतं, त्याची माफी मागणार नाही. पण तुम्हाला न विचारता तुमच्या घरात बोलले, ते चुकलं माझं."

इतकी नेटकी माफी मी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती.

बाबा म्हणाले, "झाला ना आता? बोललात ना?"

ऑक्टोबरचं ऊन होतं. ओटीवर बाबांच्या बाजूला प्लास्टिकची खुर्ची रिकामी होती. बाबांनी बसा म्हटलं नाही. आईने पदर तोंडाला लावला होता, तिने पाणी आणलं नाही. आणि मी, जिच्यासाठी ती बाई तिथवर आली होती, मीही ती खुर्ची उचलून अंगणात ठेवली नाही. चार पावलांवर होती. बाबा रागावतील म्हणून ठेवली नाही.

मॅडमनी पुन्हा नमस्कार केला आणि आल्या तशा चालत गेल्या.

सोमवारी कॅन्टीनमध्ये मी त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "मॅडम, मी खुर्ची आणली नाही. मला दिसत होती. मी घाबरले. माझं चुकलं."

"मी बघितलं," त्या म्हणाल्या. "तू दोनदा त्या खुर्चीकडे बघितलंस तेही बघितलं." मग आपल्या डब्यातलं अंडं अर्धं करून माझ्या झाकणात ठेवलं. "तुझी माफी पोचली. जेव आता. तुझ्या वडिलांची त्यांनी मागायची. ती तुझ्याकडून चालणार नाही."

त्यानंतर मी त्यांच्या घरी जायला लागले. अंबरनाथ पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांचं लोखंडी कपाट. त्यांचे मिस्टर उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर होते. बारीक, हसऱ्या चेहऱ्याचे, बोटांना कायम निळा रंग. चहा तेच करायचे. मॅडमच्या डोळ्यांना तेव्हा त्रास सुरू झाला होता. मधुमेहाने पडदा खराब होत चालला होता, बारीक अक्षर वाचलं की डोकं दुखायचं. म्हणून संध्याकाळी मिस्टर त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे. ते ऐकणं म्हणजे एक मौज. किल्लेदार नायिकेला दरडावतोय, "चालती हो माझ्या नजरेसमोरून!" आणि हे वाचतायत, पाहुण्याला आणखी एक पोळी घ्या म्हणावं अशा आवाजात.

"अहो, जरा माजोरडेपणाने वाचा!" मॅडम ओरडायच्या.

"वाचतोय की," ते बिचारे म्हणायचे आणि घसा खाकरून तसंच पुन्हा वाचायचे.

त्याच घरात एकदा मी त्यांना विचारलं, की मॅडम, खरं सांगा, हे सरदार आणि जहागीरदार तुम्हाला का आवडतात?

"आवडतात कुठे?" त्या म्हणाल्या. "मला एकही आवडत नाही. तू ह्या पुस्तकांत मी कुठे असेन ते शोधलंयस कधी?"

मला कळलं नाही.

"नायिका मी असणार नाही. ती मोठ्या घरची असते, गरीब झाली तरी मोठ्या घरचीच. दासी पण नाही, दासी घरात शिरते. माझी पणजी ह्या वाड्याच्या आत गेलीच नसती. लांब उभी राहून ओरडून सांगितलं असतं तिने जे काय सांगायचं ते. ते पण आपली सावली कुणावर पडत नाही ना, ते बघून." त्या अगदी सहज सांगत होत्या, स्ट्रिपा तपासाव्यात तशा. "मग मी तिथे उभी राहते. लांब. पहिल्या पानापासून त्या माणसावर डोळा ठेवून. तीनशे पानं तो कुणाकुणाशी कसा वागतो ते बघते. आणि शेवटी तो मान खाली घालून म्हणतो, माझं चुकलं. तो ते तिला म्हणतो, हे मला माहितेय. मला नाही म्हणत. पण मी ऐकते ना तिथे उभी राहून. आमच्याकडे कुणी ते म्हणायला आलं नाही कधी. पुस्तकात तरी तो म्हणतो."

मिस्टर चहाचे कप घेऊन उभे होते. त्यांनी मॅडमच्या कपात साखर नाही ना, ते एकदा वाकून बघितलं.

पुढचं वर्ष सरत आलं होतं. बदलापूरच्या त्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालं होतं. एका हळदीला बाबांना कळलं, की त्याची बायको हात प्लॅस्टरमध्ये घालून माहेरी परत आली. आमच्याच लांबच्या नात्यातली. बाबा त्या दिवशी घरी आले आणि ओटीवर बसून राहिले. जेवताना त्यांनी मला एकदम विचारलं, "तुला कवा हात लावला होता त्यानं?"

मी मनगट पुढे केलं. तिथे आता काहीच नव्हतं. तरी त्यांनी ते धरून पाहिलं.

दोन दिवसांनी मी कामाला निघताना त्यांनी वालाच्या शेंगांची पिशवी हातात दिली. आमच्याच शेतातल्या, सकाळी तोडलेल्या. "त्या बाईना दे."

मी दिल्या. मॅडमनी एक शेंग मोडून दाणा बघितला. "शेंगा फार चांगल्या आहेत," त्या म्हणाल्या. "थँक यू सांग. पण ही माफी नाही, हेही सांग."

मी सांगितलं. दोन्ही सांगितलं. बाबा भडकले. "मग काय आता पाया पडू? शेंगा दिल्या ना? लोक तेवढा पन करत नाय." आठवडाभर घरात धुसफूस चालली. आईने एक दिवस भाकरी थापता थापता, त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "ती बाय उन्हात आली होती. आपल्या पोरीसाठी." बाबा उठून शेतावर गेले.

आणि एका रविवारी आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून ते माझ्यासमोर उभे राहिले. "चल. घर दाखव."

जिना चढताना ते दर मजल्यावर थांबले. गुडघे दुखतात म्हणाले. तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. मॅडम दाराशी खुर्ची घेऊन उजेडात भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांना चेहरा नीट दिसला नसावा, पण मी "बाबा आलेत" म्हटल्यावर त्या उठून उभ्या राहिल्या. शेजारची बाई कपडे वाळत घालता घालता थांबली.

बाबांनी टोपी काढली. टोपी काढलेली मी त्यांना फक्त देवळात बघितली होती.

"बाई, त्या दिशी तुमी माझ्या दारात आल्या," ते खाली बघत, जवळजवळ पुटपुटतच म्हणाले. "मी तुमाला बसा नाय बोललो. पानी पन नाय दिला. आडनाव ऐकून नाय दिला. चुकला माझा."

मी मॅडमकडे बघितलं. आयुष्यभर एवढी माफीची पानं तपासलेली बाई, आता काय म्हणते म्हणून. त्यांनी हातातली मेथीची जुडी खुर्चीवर ठेवली, पदराने हात पुसले आणि ताठ उभ्या राहिल्या.

"जरा मोठ्याने सांगा," त्या म्हणाल्या.

त्यांचे डोळे अधू झाले होते, कान नव्हेत. ते मला माहीत होतं, आणि मला वाटतं, बाबांनाही कळलं. त्यांची मान लाल झाली. क्षणभर मला वाटलं, आता हे टोपी घालून जिना उतरतात. पण त्यांनी मान वर केली आणि शेतातून गड्याला हाक मारावी तशा आवाजात, शेजारणीला, जिन्याला, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं, ते सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. आडनावासकट.

मॅडमनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"या," त्या म्हणाल्या. "आत या. बसा."

बाबा आत जाऊन पंख्याखाली बसले. मिस्टरांनी स्टीलच्या तांब्यातून पेला भरून दिला. बाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, ओठाला लावला आणि एका दमात रिकामा केला. मग पेला पुढे करून म्हणाले, "आनखी द्या."